तीनशे ते तीनशे वीस

वेंगुर्ल्यात काजूच्या कारखान्याच्या माडीवर
माझं टेबल, एक पंखा, एक लॅपटॉप
आणि टरफलांच्या तेलाचा वास,
की-बोर्डच्या फटींतही शिरलेला.
खाली सोलणाऱ्या बायका बसतात.
वर मी, कारखान्याची वेबसाइट बांधत.

इथे मालाचं नावच मुळी मोघम.
दोनशे चाळीसचा माल म्हणजे
पौंडात दोनशे वीस ते दोनशे चाळीस गर.
तीनशे वीसचा म्हणजे तीनशे ते तीनशे वीस.
कुणी मोजलेच तर तीनशे सात निघतात,
कधी तीनशे अकरा,
आणि त्यावरून आजवर भांडण झालेलं नाही.

मीही सुरुवातीला दोन आकडे लिहिले,
मध्ये एक आडवी रेघ मारली.
झालं, म्हटलं.

पहिली तक्रार हांबुर्गहून आली.
दहा पेट्यांचा भाव, १,२५० युरो.
तिकडे स्वल्पविराम म्हणजे दशांशाची खूण.
त्यांनी वाचलं: सव्वा.
दहाच्या दहा पेट्या मागवून मोकळे झाले.
आरोलकरशेट धापा टाकत जिना चढले,
"सव्वा युरोत रिकामी पेटी तरी येता काय?"

मग मी शिकायला बसले.
जपानी पानावर दोन आकड्यांमध्ये
रेघ नसते, एक लाट असते,
ओहोटीनंतर वाळूवर राहते तेवढीच.
स्पॅनिश आखूड रेघेवर भागवतो.
जर्मन जरा लांब ओढतो,
आणि युरोची खूण शेवटी, एकदाच.
अरबी पानात लहान आकडा उजवीकडे उभा,
वाचणाराच त्या बाजूने येतो म्हणून.

आता मी रेघ मारत नाही.
दोन आकडे देते, वाचणारा कुठल्या मुलखातला ते सांगते,
पुढचं ब्राउझर बघतो.
आणि दोन्ही टोकं गोल करता करता
एकच आकडा उरला, तर तो आपणहून
त्याच्याआधी 'सुमारे'ची खूण लावतो.
हे वाचलं त्या दिवशी मी
खाली जाऊन दोन कप चहा प्याले.

मराठी पान शेवटी केलं.
देवनागरी आकडे, मधोमध नीट रेघ.
छापून वजनकाट्यापाशी चिकटवलं.
सत्यवती केळुसकर, सत्तावीस वर्षं गर निवडणारी,
बोटांनीच दर्जा ओळखणारी,
कागदापुढे उभी राहिली.
"ह्यां काय गो बाय?
तीनशे उणे तीनशे वीस?
म्हंजे वीस गर आमच्याच अंगार इले?"

सगळा ओटा हसला. मीही.
मी समजावलं, ही वजाबाकी नव्हे,
इथून तिथपर्यंत, असं.
लहान आकडा आधी, मोठा मागून.
"आणि तू घराक जाताना
चार-दोन दिसांनी येतंय म्हणतंस,
तां मशीनीत कसां लिवतलंस?"

वर येऊन करून पाहिलं.
चार दिले, दोन दिले.
पडद्यावर निमूट उमटलं: ४–२.
सत्यवतीने वाचलं असतं, चार उणे दोन.
दहा-पाच माणसं, पाच-पन्नास रुपये,
यांची टोकं कुठे धरायची?
पाच-पन्नास म्हणजे काही
पाचापासून पन्नासापर्यंत नव्हे.
खिशात हात घालून न मोजता
काढलेले पैसे ते.

दुसऱ्या दिवशी काट्यापाशी पाहिलं,
कागदावरच्या प्रत्येक रेघेवर
पेन्सिलीने कुणीतरी लिहिलं होतं: ते.
अक्षर वाकडं, वेलांटीसारखी मात्रा.
कुणाचं, ते विचारलं नाही.

तेव्हापासून इतर सगळ्या भाषांना
ब्राउझर देतो ती खूण,
आणि एकट्या मराठीसाठी एक जादा ओळ,
जी रेघ काढून तिथे 'ते' ठेवते.
तिच्यावर टीप आहे:
'सत्यवती केळुसकर यांच्या सांगण्यावरून.'
पुढे कुणी हा कोड उघडला
तर त्याला वाटेल, ही कुणी
मोठी तज्ज्ञ बाई असणार.

काम संपत आलंय.
काल तिने विचारलं, अजून किती दिवस हंय?
मी म्हटलं, चार-दोन.
तिने मान डोलावली
आणि हातातला तुकडा गर
वेगळ्या पाटीत टाकला.